समोरचं घर भाड्याने देणे आहे

८ जानेवारी

गेल्या! दोघीही गेल्या. कराराचे पाच महिने शिल्लक होते, तरी गेल्या. "डिपॉझिटमधून एक महिना कापून घ्या, काका," म्हणाल्या. वर हसत म्हणाल्या! पदरचे पैसे सोडून हसत जाणारा भाडेकरू मी पहिल्यांदाच पाहिला.

दोघी नर्स. पगार नियमित, पोरंबाळं नाहीत, पाहुणेरावळे नाहीत. शोधून सापडणार नाहीत असे भाडेकरू, आणि मी स्वतः निवडलेले. चौतीस वर्षं कारखान्यात व्हॉल्व्ह तपासले. माल हातात घेतला की कळायचं, पास की नापास. या दोघी पास होत्या. मग बिनसलं कुठे?

थोरली जाता जाता म्हणाली, "घर छान आहे हो. तुमची खिडकी तेवढी फार जवळ आहे."

अहो, जवळ आहे म्हणून तर घेतलं! निवृत्तीचे पैसे आले तेव्हा जो तो सल्ला देत होता — बँकेत ठेवा, सोनं घ्या, मुलीच्या नावाने टाका. मी म्हटलं, घर घेणार, भाड्याने देणार, आणि तेही डोळ्यांसमोरचं. समोरच्या इमारतीत, आमच्याच उंचीवर, मध्ये फक्त एक गल्ली. आमच्या स्वयंपाकघरातून तिथला नळ टपकतोय का तेसुद्धा दिसतं. दुभती म्हैस दाराशीच बांधलेली बरी. पैसे थोडे कमी पडले, कर्ज काढलं. भाडं येईल, त्यातून हप्ता जाईल, असा हिशेब. आता भाडं बंद, हप्ता चालू!

संध्याकाळपासून किती वेळा खिडकीशी जाऊन आलो. तिथे अंधार. बघवत नाही.

९ जानेवारी

दलाल येऊन गेला. याला मी चिकटपट्टी म्हणतो. एकदा चिकटला की नखाने खरवडला तरी निघत नाही. पण धंद्यात पक्का. त्या दोघींशी आधीच बोलून आला होता.

माझाच चहा पिऊन माझीच उलटतपासणी!

"काका, दिवसा दिवा का लावलाय म्हणून तुम्ही त्यांना फोन करायचात?" — करायचो. वीज काय फुकट येते? "बिल त्याच भरायच्या ना?" — भरायच्या. म्हणून उधळायची? "ग्रिलवर चादर वाळत घातली तर गल्लीत उभं राहून हाका मारल्यात?" — मारल्या. ग्रिल गंजतं. "आणि धाकटी रात्रपाळी करून झोपली होती, तर स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत गेलात?"

आता पुन्हा तेच! गिझर तपासायला गेलो होतो. बेल वाजवली होती. कुणी उघडलं नाही, म्हणजे घरात कुणी नाही. मला काय माहीत आत झोपलीय! तिने अशी बोंब ठोकली की खालचा दुकानदार धावत वर आला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण त्याचं कुणाला काही नाही.

चिकटपट्टी म्हणाला, "घर तुमचं, काका. पण करार झाला की आतली हवा त्यांची. जायचं तर आदल्या दिवशी सांगून जायचं. आणि आता एक करा. नवीन गिऱ्हाइकाला घर दाखवायला तुम्ही येऊ नका. काकूंना पाठवा."

ही ओट्याशी होती, पाठ आमच्याकडे. म्हणाली, "मी दाखवेन."

एरवी कुठल्याही गोष्टीला "बघू" म्हणणारी बाई! बरं झालं म्हणा.

१० जानेवारी

किल्ली हिने घेतली. खुंटीवर नाही ठेवली, आपल्या पर्समध्ये टाकली. दुसरी माझ्याकडे आहेच.

१७ जानेवारी

कारखान्यातल्या निवृत्त लोकांचं आमचं मंडळ आहे. त्यांचा फोन. मार्चच्या बैठकीत मी बोलायचं — "भाड्याचं घर : काय करावं, काय टाळावं." आणि मी हो म्हणून बसलो! स्वतःचं घर ओस पडलंय आणि मी चारचौघांना शहाणपण शिकवणार. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तरी टाचण काढायला बसलो. वर्षाचं भाडं कधीही बारा महिन्यांचं धरू नये, दहाचंच धरावं. बाकीचे दोन महिने घर रिकामं राहणार, रंग लागणार, काही ना काही निघणार. (मी बारा धरले. हे भाषणात सांगायची गरज नाही.) भाडेकरूची चौकशी त्याच्या आत्ताच्या घरमालकाकडे करू नये. त्याच्या आधीच्याकडे करावी! आत्ताच्याला ब्याद टळायला हवी असते, तो साक्षात हरिश्चंद्र आहे म्हणून सांगेल. आणि भाडं चार पैसे जास्त मिळावं म्हणून अडून बसू नये. एक महिना रिकामा गेला की वर्षभराची वाढ त्यातच गेली.

एवढं झालं तोच ही म्हणाली, "जरा समोर जाऊन येते. खिडक्या उघडते. बंद घराला कुबट वास लागतो." जा म्हटलं. हिला त्या घराची काळजी वाटते हे बघून बरं वाटलं. चहाची वेळ टळली तरी आली नाही. मग मीच केला. साखर सापडेना! डब्यांच्या जागा मागच्या आठवड्यात मीच बदलल्यात, तरी सापडेना.

२२ जानेवारी

नवरा, बायको आणि एक मूल घर बघून गेले. नको म्हणाले. "का?" — "स्वयंपाकघर अंधारं वाटलं त्यांना," ही म्हणाली. आजच मोठा दिवा आणून बसवून घेतला.

२५ जानेवारी

एक शिक्षिका. एकटी, नोकरी पक्की. नको म्हणाली. दिवा डोळ्यांवर येतो म्हणे!

२ फेब्रुवारी

चौथं गिऱ्हाईक गेलं. चिकटपट्टीही डोकं खाजवतोय. "भाडं बरोबर आहे, घर बरोबर आहे. वर जाताना लोक हसत जातात, उतरताना तोंड पाडून उतरतात. मी बरोबर गेलो असतो हो, पण काकू म्हणतात तुम्ही खालीच थांबा, मी बघते."

पाय एका जागी ठरत नाहीत. सकाळी मसाल्याचे डबे पुन्हा लावले, या वेळी उंचीप्रमाणे. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. फ्रिजच्या दाराचं रबर तपासलं. गॅस कधी लावला ती तारीख सिलिंडरवर खडूने लिहिली. ही भाजी चिरत होती. तिला सांगितलं, सुरी अशी धरतेस म्हणून वेळ जातो. तिच्या भल्याचंच सांगितलं ना?

हिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, "आज काय केलं तर मी पास होईन?"

मला हसू आलं. कोटी बरी होती. ती नाही हसली. किल्ली घेऊन समोर गेली. राहिलेली भाजी मी चिरली — सुरी नीट धरून.

५ फेब्रुवारी

समोर पडदे! रिकाम्या घराला पडदे! जाड, मातकट रंगाचे. "उन्हाने फरशीचा रंग उडतो," म्हणे. फरशीचा! आयुष्य तपासणीत गेलं, उन्हाने रंग उडालेली फरशी काही मी पाहिली नाही. पण म्हटलं असेल. हिचा जीव जडलाय त्या घरावर.

दिसत मात्र काही नाही आता. तरी सवयीने खिडकीशी जातोच.

११ फेब्रुवारी

लेकीचा फोन. एरवी आईशी बोलते, आज म्हणाली बाबांना दे.

"आई कशी आहे?"

"तिलाच विचार की."

"तिला विचारलं. आता तुम्हाला विचारतेय."

हे काय कोडं! मग म्हणाली, "बाबा, आईला जरा मोकळं सोडा." सोडा म्हणजे? मी काय दावणीला बांधलंय? बाजारात बरोबर जातो, पिशव्या मी उचलतो. डॉक्टरकडे बरोबर जातो, तिला काय होतंय ते मीच नीट सांगतो. तिच्या मैत्रिणी मंगळवारी भरतकाम करायला जमायच्या, तेव्हा मी चक्क आतल्या खोलीत बसायचो! एकदाच बाहेर येऊन धागे रंगवार कसे लावावेत ते दाखवलं. हल्ली येत नाहीत त्या. का, ते त्यांनाच ठाऊक.

आजच हप्ता गेला. शिल्लक दोनदा मोजून बघितली. असेच आणखी तीन महिने गेले तर घर विकावं लागणार, आणि घाईत विकलं तर पडेल किमतीला जाणार. आयुष्यभराची पुंजी आहे ती. दोघांच्या म्हातारपणाची सोय. हिला सांगितलं. "हो," म्हणाली, आणि चपला घालून निघाली. कुठे? समोर. हवा खेळती ठेवायला.

१९ फेब्रुवारी

औषधाच्या दुकानात गेलो होतो. तिथे औषधं देणारा चष्मेवाला, तिशीतला शांत माणूस, आपण होऊन म्हणाला, "काका, ते समोरचं घर गेलं का हो?"

हा मागच्या आठवड्यात घर बघून गेलेला! म्हटलं, गेलं नाही, पण तुम्हालाच नको होतं ना?

"छे हो, फार आवडलं होतं. दुकानाला जवळ. आईला इकडे आणायचंय. पण काकूंनीच सांगितलं ना, पाण्याचा पंप रात्रभर धडधडतो, भिंतींना ओल येते, शेजारी भांडकुदळ आहेत. आणि..."

"आणि काय?"

त्याने चष्मा पुसला. "आणि मालक समोरच राहतात. दिवसभर खिडकीत असतात."

औषधं न घेताच निघालो.

पंप! पंप तर दिवसा चालतो, तोही इमारतीच्या मागे. ओल! एकेक भिंत मी टिचक्या मारून तपासलीय. आणि शेजारी? म्हातारा-म्हातारी, दोघंही ठार बहिरे, भांडायचं ठरवलं तरी कुणाशी भांडणार! मी इथे दिवस-दिवस तळमळतोय, दिवे बदलतोय, आणि कुंपणच शेत खातंय!

ही घरात नव्हती. माझी किल्ली घेतली आणि जिना उतरलो.

पुढचं आत्ता लिहवत नाही.

२० फेब्रुवारी

बेल वाजवणार होतो. नाही वाजवली. चोर पकडायला जावं तशी हळूच किल्ली फिरवली.

बाहेरच्या खोलीत चटई. उशी आमचीच — हरवली म्हणून मी घरभर शोधत होतो ती. पंखा पूर्ण जोरात. खिडकीच्या कट्ट्यावर एक कप, विसळून पालथा. जमिनीवर अर्धवट भरतकाम, धागे सगळीकडे विस्कटलेले. आणि ही झोपलेली. भर दुपारी! पाय भिंतीला उभे टेकवलेले, एक हात लांब फेकलेला, तोंड उघडं. घोरत होती.

घरी ही दुपारी कधी आडवी होत नाही. झाली की मी विचारतो, "काय गं, बरं नाही का?" मग उठून बसते.

पंखा थोडा कमी करावा असं वाटलं. हात बटणापर्यंत गेलासुद्धा. मागे घेतला. तेवढ्यात हिने डोळे उघडले. दचकली नाही, ओरडली नाही. नुसते पाय खाली घेतले, केस सारखे केले आणि नीट बसली. कारखान्यात मी राउंडला आलो की पोरं बसायची ना, तशी.

मग मी बोललो. खूप बोललो. कर्ज, हप्ता, पंप, ओल, चष्मेवाला. आवाज चढला असणार. शेवटी म्हटलं, "तुला झालंय तरी काय? स्वतःचं घर नाहीये का तुला?"

"नाहीये," म्हणाली. "तुम्ही निवृत्त झालात आणि माझं घर गेलं. इतकी वर्षं सकाळी तुम्ही बाहेर पडलात की संध्याकाळपर्यंत ते माझं असायचं. आता पाणी प्यायला उठले तरी तुम्ही विचारता, कुठे निघालीस."

मी म्हटलं, "असं कसं! घर दोघांचं आहे."

"तेच तर," म्हणाली.

२१ फेब्रुवारी

काय चुकलं माझं? मायेने विचारतो. ज्यांना विचारणारं कुणी नाही ते सुखी आहेत का?

२३ फेब्रुवारी

दिवसभर मी बोललो ते टीव्हीशी.

राग आलाय. आणि वाईटही वाटतंय. दोन्ही एकदम, त्यामुळे धड जेवणही जात नाही. हिने माझ्या पाठीमागे गिऱ्हाइकं पळवली! आणि का, तर एक झोप मिळावी म्हणून.

२५ फेब्रुवारी

आज एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी संध्याकाळी मी आलो की ही दिवसभराचं सांगायची. कोण आलं, काय उतू गेलं, कुणाचं काय बिनसलं. मी बूट काढत ऐकायचो. हल्ली काही सांगत नाही. सांगणार काय? सगळं मी बघितलेलंच असतं!

२६ फेब्रुवारी

विचारूनच टाकलं. "तुला ते घर हवंय का? रिकामं ठेवू?" हप्ता कुठून भरणार ते मलाही माहीत नव्हतं. पण विचारलं, आणि मनापासून विचारलं.

भांडी पुसत होती. म्हणाली, "रिकामं ठेवाल आणि रोज मला त्याचा हिशेब ऐकवाल. नको. द्या कुणाला तरी. मी आता कुणाला काही सांगणार नाही." आणि पर्समधली किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली.

म्हणजे मिटलं. मिटलंच ना?

१ मार्च

दुपारी घराबाहेर राहायचं ठरवलंय. तिला नाही सांगितलं, आपण होऊनच. वाचनालयात जातो. पहिले दिवस छान गेले. आज खुर्ची डुगडुगत होती. ग्रंथपालबाईंना म्हटलं, सगळ्याच एकदा तपासून घ्या, हवं तर मी तपासतो. बऱ्याचशा खुर्च्या उलट्या करून ठेवल्या होत्या. बाई म्हणाल्या, "काका, उद्या सुट्टी घ्या."

लवकर घरी आलो. हिने दार उघडलं, हातात सुई. "आलात?" म्हणाली, आणि धागा गुंडाळून ठेवून दिला. म्हटलं, कर ना, चालू ठेव. "झालंच होतं," म्हणाली. कापडावर पान अर्धंच होतं.

५ मार्च

स्वतः जाऊन चष्मेवाल्याला भेटलो. पंप नाही, ओल नाही, शेजारी देवमाणसं, शपथेवर सांगितलं. तो म्हणाला, "आणि खिडकी?"

म्हटलं, "तिचा बंदोबस्त मी करतो."

भाडंही थोडं उतरवलं. जीवावर आलं होतं. पण चिकटपट्टी म्हणाला, "शहाणे झालात, काका. रिकाम्या घराला जास्त भाडं मागण्यापेक्षा चांगला माणूस कमी भाड्यात कधीही परवडतो." विचार करून सांगतो म्हणालाय चष्मेवाला. आता हे विचार करणं कधी संपायचं!

८ मार्च

फोन नाही. औषधाच्या दुकानावरून दोनदा गेलो. तिसऱ्यांदा जाणार होतो. परत फिरलो. असंच करतो ना मी? म्हणूनच पळतात.

१२ मार्च

करार झाला! चष्मेवाला आणि त्याची आई. घर गेलं एकदाचं!

या वेळी सगळं रीतसर. प्रत्येक खोलीचे फोटो, भिंतीतल्या खिळ्यांसकट, म्हणजे सोडताना वाद नको. वीजमीटरचा आकडा दोघांनी मिळून लिहिला. नळ, गिझर, कड्या चालवून दाखवल्या. काही बिघडलं तर दोन दिवसांत माणूस पाठवीन, हे कलम मीच घालायला लावलं. दुरुस्तीसाठी दर महिन्याच्या भाड्यातला थोडा भाग वेगळ्या खात्यात टाकायचा, तेही सुरू केलं. आणि दोन्ही किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. दोन्ही! चिकटपट्टी बघतच राहिला. "एक मालकाकडे असते, काका." म्हटलं, नको रे बाबा, माझाच माझ्यावर भरवसा नाही.

चटई, उशी, कप हिने कालच घरी आणले. सगळं एका पिशवीत मावलं. मी पिशवी घ्यायला पुढे झालो. दिली नाही.

१४ मार्च

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावला. मी! शिडीवर चढून दांडी ठोकली. ही खाली उभी होती, शिडी धरून. म्हणाली, "छान झालं." थोड्या वेळाने म्हणाली, "आता इथे अंधार वाटेल हो." लगेच मोठा दिवा आणून लावला.

दिवसभर त्या पडद्याला हात लावला नाही. हात शिवशिवत होते. पण नाही लावला.

२४ मार्च

भाषण! काय टाळ्या पडल्या!

टाचण बाजूला ठेवलं आणि मनातलंच बोललो. म्हटलं, मित्रांनो, दहा महिन्यांचं भाडं धरा, आधीच्या मालकाला विचारा, गळका नळ लगेच दुरुस्त करा, हे सगळं कुणीही सांगेल. खरी गोष्ट वेगळीच आहे. किल्ली दिली की आपण उंबऱ्याबाहेर. आतला माणूस कधी झोपतो, कधी दिवा लावतो, कसा पसारा घालतो, हे आपलं काम नाही. भाडेकरू भाड्यामुळे जात नाही, मालकामुळे जातो!

ही पहिल्या रांगेत होती. चहाच्या वेळी माझा जुना सहकारी तिला म्हणाला, "वहिनी, साहेब एकदम बदलले हो!" ही म्हणाली, "भाडेकरूंचं नशीब." सगळे खो-खो हसले. मीही हसलो.

येताना बसमध्ये विचारलं, "कसं झालं?"

"खरं बोललात."

"मग? पास?"

खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "पास." बरं वाटलं.

२७ मार्च

हिने कपाटं आवरायला काढलीत. कपड्यांचे ढीग सगळ्या पलंगावर. तोंडाने गुणगुणतेय, किती दिवसांनी! मी अजिबात मध्ये पडलो नाही. फक्त एवढंच सांगितलं, जड कपडे खाली ठेव.

लेकीला मुद्दाम फोन केला. म्हटलं, आई अगदी मजेत आहे. मला नावं ठेवत होतीस ना! ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?" मला काय धाड भरलीय!

३० मार्च

चिकटपट्टी दलाली घ्यायला आला. ही बाहेर गेली होती. निम्मीच मागितली. म्हटलं, का रे, तू आणि सूट?

"एकाच घरातून दोन कामं मिळाली, काका. एवढं तर करायला हवं."

"दुसरं कुठलं?"

त्याचा चेहरा पडला. "काकू बोलल्या नाहीत? खोली घेतलीय त्यांनी. एकटीपुरती. एक तारखेपासून. डिपॉझिट तुमच्या लेकीने पाठवलं."

लांब आहे का, एवढंच विचारायला सुचलं मला.

"लांब नाही हो, मागच्याच गल्लीत. तुमच्या कुठल्याही खिडकीतून दिसता कामा नये, एवढी एकच अट होती त्यांची."